पाहुण्या मुलांना उद्यमनगरही दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांसह कोल्हापूरला येणाऱ्या कुटुंबांचा दिवस ठरलेला असतो. सकाळी अंबाबाईचं दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, चार वाजता पन्हाळा, अंधार पडताना रंकाळ्यावर भेळ आणि रात्री परतीची गाडी. मोठ्यांना हे पुरतं. मुलांच्या वाट्याला मात्र रांग, ऊन आणि गाडीतली झोप एवढंच येतं. ज्या कामावर हे शहर पोट भरतं ते ओतकाम, गूळ, चामडं यातलं काहीच त्यांच्या नजरेला पडत नाही. पुण्या-मुंबईचं सोडा, इथल्या राजारामपुरीत वाढलेल्या मुलानंही फौंड्री, म्हणजे धातू ओतण्याचा कारखाना, आतून पाहिलेली नसते. आज जे उघडं आहे ते मुलांना कसं दाखवावं आणि जे बंद आहे, म्हणजे उद्यमनगरासारख्या औद्योगिक भागातले कारखाने, ते कसं उघडता येईल, या दोन्हींबद्दल लिहितो आहोत.

आधी दिवसाचा क्रम. लहान मुलं बरोबर असतील तर दर्शन सकाळी सातच्या आत उरकावं. मंगळवार, शुक्रवार, रविवार शक्यतो टाळावेत. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर मुख्य रांगेचा हट्ट न धरता मुखदर्शन घ्यावं. किरणोत्सवासाठी येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. मंदिर पश्चिमाभिमुख आहे आणि ९ ते ११ नोव्हेंबर, तसंच ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा त्यांचा क्रम मानला जातो. ढग, धुकं किंवा वाटेतली एखादी उंच भिंत आडवी आली की किरणं मध्येच थांबतात. आत गर्दी इतकी असते की कमरेएवढ्या मुलाला माणसांच्या पाठीच दिसतात. त्याला आवारातल्या थेट प्रक्षेपणाच्या पडद्यासमोर उभं करावं आणि सूर्याची जागा रोज थोडी सरकते म्हणून हे ठरावीक दिवशीच घडतं, एवढं तिथंच समजावून सांगावं.

दर्शन झालं की गाडी काढू नये. भवानी मंडप, चप्पल लाईन, खासबाग सगळं चालत होतं. चप्पल लाईनमध्ये भाव करायच्या आधी दुकानदाराला एक जोड उलटा करून दाखवायला सांगा. अस्सल चपलेत खिळा नसतो, तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात. चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं, म्हणून त्याला तो विशिष्ट वास आणि बदामी रंग येतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मुलांसाठी घेताना पुढे अर्ध्या बोटापेक्षा जास्त जागा सोडू नका. पुढच्या वर्षीही होईल म्हणून मोठी घेतली की पाऊल पुढे सरकतं आणि अंगठ्याची वादी बोटाच्या बेचक्यात घासून फोड येतो. पहिले चार-सहा दिवस आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवावं आणि पाण्यापासून जपावं. भिजलीच तर सावलीत वाळवावी. उन्हात ठेवली की तळ वाकतो.

तालीम बघायची तर पहाटे किंवा सायंकाळी, पोरं मेहनत करतात त्या वेळेला. आधी वस्तादांना विचारावं, फोटोलाही आणि बायका-मुलींच्या प्रवेशालाही, कारण प्रत्येक तालमीचा रिवाज वेगळा आहे. पायताण बाहेर, हौद्यात (कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात) पाऊल नाही. हौद्यातली लाल माती कशी तयार होते ते मुलांना दाखवण्यासारखं आहे. चाळून घेतलेल्या मातीत तेल, हळद, ताक, लिंबू मिसळून ती खोऱ्यानं वरखाली करतात. न उकरता राहिली की ती दगडासारखी बसते आणि पडणाऱ्याचा खांदा निखळतो. खासबागेचं मैदान राजर्षी शाहू महाराजांनी रोमच्या कलोसियमवरून स्फूर्ती घेऊन बांधलं. मुलाला सगळ्यात वरच्या कडेला उभं करा आणि खालचा हौदा पूर्ण दिसतो का विचारा. पुढच्या माणसाचं डोकं आड येत नाही, ही त्या उताराची करामत आहे.

गंगावेशीत म्हैस समोर पिळून देतात ते धारोष्ण दूध पाहुण्यांना पाजायची हौस आपल्याकडे मोठी. पाहायला मुलांना जरूर न्यावं, पाजताना मात्र उकळलेलंच पाजावं. कच्च्या दुधातून होणारी बाधा लहानग्यांना फार लवकर आणि जोरात होते. मिसळीचंही तेच. कट वेगळ्या वाटीत मागावा, मुलाच्या ताटलीत मोड, बटाटा, शेव आणि दही एवढंच ठेवावं. वरची तर्री काढून टाकली की तिखट गेलं असं होत नाही, ते रश्श्यात उतरलेलं असतं.

नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात ब्रिटिश वास्तुरचनाकार मेजर मँट यांच्या आराखड्यावर काळ्या दगडात उभा राहिला. संग्रहालयातली शस्त्रं, दरबार हॉलमधल्या रंगीत काचा आणि बाहेरची हरणं हा क्रम ठेवावा. हरणं आधी दाखवली तर मूल आत येत नाही. टाऊन हॉलही मँट यांचाच, १८७० च्या दशकातला, सीपीआर रुग्णालयासमोरच्या बागेत. संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात आणि दुपारच्या जेवणाची सुट्टी असते, म्हणून निघण्याआधी वेळेची खात्री करून घ्यावी.

टाऊन हॉलमध्ये लोक दहा मिनिटांत फेरी मारून बाहेर पडतात. तिथं मुलांना एकाच गोष्टीपाशी थांबवा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात जुन्या कांस्य वस्तूंचा ठेवा सापडला. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची रोमन घडणीची छोटी मूर्ती होती, तसेच पाठीवर माणसं बसलेला हत्तीही होता. सातवाहन काळात हे शहर समुद्रापलीकडच्या व्यापाराशी जोडलेलं होतं, हे एका मूर्तीतून कळतं. पण मुलाला व्यापारापेक्षा हात-पायांची बारीक घडण अधिक दिसते आणि ते विचारतं की हे कसं केलं. अशा वस्तू आधी मेणात घडवत, त्यावर मातीचा लेप देत, तापवून मेण काढून टाकत आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतत. दोन हजार वर्षांपूर्वीची ही रीत आणि आज शिरोलीच्या कारखान्यांत ओतला जाणारा पंपाचा सांगाडा यांचं तत्त्व एकच आहे. पोकळी करा, धातू ओता, साचा फोडा. जुनी तोफ दिसली तरी हीच नजर वापरता येते. अंगावर एकामागून एक कड्या बसवलेल्या दिसल्या तर ती ठोकून घडवलेली. अंग सलग आणि बाजूचे खुंटे अंगातूनच निघालेले असतील तर ती ओतलेली.

आता गुऱ्हाळ. हंगाम ऑक्टोबरअखेरपासून मार्चपर्यंत, म्हणजे दिवाळीची सुट्टी त्याच्या तोंडाशीच येते. करवीर, पन्हाळा तालुक्यांतल्या गावांत धूर दिसेल तिथं मालकाला विचारून आत जावं, सहसा कुणी नाही म्हणत नाही. पोहोचण्याची वेळ महत्त्वाची आहे. काहील (रस उकळायची मोठी कढई) नुकतीच भरलेली असेल तर दोन-अडीच तास नुसता रस उकळताना बघावा लागतो आणि मुलं कंटाळतात. म्हणून आधी विचारून घ्या, 'आदण कधी उतरणार?', म्हणजे उकळता रस चुलाणावरून कधी काढणार, आणि त्याच्या पाऊण तास आधी पोहोचा. रस तापायला लागला की गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर) त्यात रानभेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालतो. त्याला मळी चिकटून वर येते, ती झाऱ्यानं काढत राहावी लागते. मळी राहिली की गूळ काळपट होतो आणि पावसाळ्यात पाझरतो. पाक ११८ अंशांच्या आसपास आला की उतरवायची वेळ होते. गुळव्या थर्मामीटर वापरत नाही. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळते का बघतो. गोळी वळली आणि काठावर आपटल्यावर टणक वाजली की काहील वाफ्यात, म्हणजे पाक थंड करायच्या पसरट जागेत, ओततात. मुलांनी बघावा तो क्षण हाच. थोडा लवकर उतरला तर रवा (गुळाची ढेप) घट्ट बसत नाही, उशीर झाला तर करपट वास लागतो. साधारण शंभर किलो उसातून दहा-बारा किलो गूळ मिळतो. हाही हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा.

तिथं धोकाही आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. एका बाजूनं काहिलीचा काठ जवळपास जमिनीच्या पातळीला असतो, मळीनं जमीन निसरडी झालेली असते आणि उकळता पाक अंगाला चिकटून राहतो, त्यामुळे पाण्यापेक्षा खोल भाजतं. दहा वर्षांखालच्या मुलाचा हात सोडू नये. चुलाणाच्या तोंडाकडे, चिपाड टाकतात त्या बाजूला जाऊ देऊ नये. घाण्याजवळ ओढणी आणि सैल बाह्या नकोत. गूळ घेताना पिवळाधमक निवडू नका. तो रंग बहुतेक वेळा हायड्रोस या रंग उजळणाऱ्या रासायनिक पावडरीचा असतो. तपकिरी रवा फोडून आतला कण बघा आणि काकवी घेतली तर काचेच्या बरणीत न्या.

कणेरी मठावरचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. सकाळी लवकर जावं, चालणं बरंच आहे आणि ऊन लागतं. आजी-आजोबांना बरोबर न्यावं. मोट, रहाट, लोहाराचा भाता यांबद्दल फलकापेक्षा ते जास्त सांगतात. पन्हाळ्याला वेगळा दिवस द्यावा. २०२५ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला, आता सुट्टीची गर्दी वाढणारच आहे. मुलांना अंबरखान्याची धान्य वरून ओतायची भोकं आणि अंधारबाव ही जुनी विहीर, ही दोन ठिकाणं सगळ्यात जास्त आवडतात. तटावर पुष्कळ जागी कठडा नाही, तिथं मुलांना मोकळं सोडू नये.

इथवरचं सगळं आज करता येतं. उरतो तो कारखाना. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या पट्ट्यात लहान-मोठ्या शेकडो फौंड्री आणि मशीन शॉप आहेत. आमचं म्हणणं असं की उद्योजकांच्या संघटना, महापालिका आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं यांनी मिळून महिन्यातून एक रविवार कुटुंबांसाठी पाहणीचा दिवस ठेवावा. फौंड्रीत काम करणाऱ्यांचा पहिला आक्षेप सुरक्षिततेचा असतो आणि तो रास्त आहे. म्हणून काय दाखवावं आणि काय नाही, ते मांडतो.

सुरुवात पॅटर्न शॉपपासून, म्हणजे ओतायच्या वस्तूचे लाकडी नमुने बनतात तिथून करावी. तिथं धोका कमी आणि समजण्यासारखं सगळ्यात जास्त. लाकडी पॅटर्न आणि त्यातून निघालेलं कास्टिंग (ओतलेली वस्तू) शेजारी ठेवलं की मुलं आपणच मापं घेतात आणि पॅटर्न थोडा मोठा आहे हे त्यांच्या लक्षात येतं. बीड (ओतीव लोखंड) थिजताना आणि थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे मीटरला दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात तेवढी वाढीव असते. ती पट्टी साध्या पट्टीला लावून मुलाच्या हातात द्यावी. पॅटर्नच्या बाजू किंचित निमुळत्या का, हे वाळूतून तो उचलून दाखवला की कळतं. सरळ बाजूचा पॅटर्न काढताना वाळूची कड तुटते.

मग वाळू. मोल्डिंगच्या (साचा करायच्या) वाळूत शंभर किलोला सहा-आठ किलो बेंटोनाइट ही चिकणमाती, तीन-पाच किलो कोळशाची भुकटी आणि तीन-चार किलो पाणी असतं. मुलांसाठी कोळसा वगळावा. मूठभर वाळू दाबायची आणि मधोमध मोडायची. कड स्वच्छ तुटली, बोटांचे ठसे राहिले आणि तळहाताला ओल लागली नाही तर वाळू जमली. हाताला चिकटली तर पाणी जास्त, भुरभुरली तर कमी. पाणी जास्त झालेल्या साच्यात धातू ओतला की वाफ अडकते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. अशी ब्लोहोल पडलेली, अर्धवट भरलेली, वाळू खाल्लेली रिजेक्ट कास्टिंगं कापून एका टेबलावर मांडावीत आणि प्रत्येकासमोर कारण लिहावं. हे सामान प्रत्येक युनिटमध्ये पडलेलं असतंच, खर्च काही नाही. चांगल्या कास्टिंगपेक्षा मुलं या टेबलाशी जास्त वेळ थांबतील याची आम्हाला खात्री आहे.

मुलांना स्वतः ओतायला द्यायचं ते मेण. एक फूट लांबी-रुंदीच्या दोन लाकडी पेट्या, प्रत्येकी चार इंच उंच. खालच्या पेटीत पॅटर्न ठेवून वाळू ठोकायची, उलटी करायची, वर खडूची पूड भुरभुरायची, वरची पेटी बसवून ओतायची वाट ठेवून ठोकायची, उघडून पॅटर्न काढायचा आणि पुन्हा बंद करायची. मेण थेट आचेवर वितळवू नये, पेट घेतं. गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवावं आणि सत्तर अंशांच्या वर जाऊ देऊ नये. ओतताना भांडं मोठ्या माणसानं धरावं, मुलानं फक्त पेटीकडे लक्ष ठेवावं. अर्ध्या-पाऊण तासानं साचा फोडावा. घाई केली तर वस्तू वाकते. जाड जागी मेणाच्या पृष्ठभागाला खळगा पडलेला दिसेल. आकसलेल्या धातूला भर द्यायला कास्टिंगवर रायझर (जादा धातूचा साठा) का ठेवतात, हे तो खळगा दाखवून एका मिनिटात सांगता येतं.

खरं ओतकाम लांबूनच दाखवावं. बीड बाराशे अंशांच्या आसपास वितळतं आणि ओतताना साडेतेराशे-चौदाशे अंशांवर असतं. त्याखाली ओली जमीन किंवा सांडलेलं थोडं पाणी आलं की त्याची वाफ सुमारे १६०० पट फुगते आणि धातू उडतो. म्हणून पाहणाऱ्यांच्या हातात पाण्याची बाटली नको, पावसाळ्यात भिजलेल्या छत्र्या नकोत. निदान दहा मीटरवर पक्का कठडा असावा, पाहण्याची जागा लॅडलच्या (वितळलेला धातू नेण्याच्या भांड्याच्या) वाटेवर नसावी आणि भट्टीच्या तोंडात उघड्या डोळ्यांनी डोकावू देऊ नये. कपडे सुती. नायलॉन, पॉलिएस्टर ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं. पायात बंद चामडी बूट, शाळेचे काळे बूट चालतात. चप्पल, सँडल असणाऱ्यांना पॅटर्न शॉपपुढे सोडू नये. आजोबांना पेसमेकर असेल तर त्यांनी विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीपासून लांबच राहावं, तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र जोरदार असतं. फेटलिंगचा, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याचा विभाग मुलांना दाखवूच नये, तिथं आवाज आणि सिलिकाची धूळ दोन्ही असतात. कोरडी वाळूही मुलांना चाळायला देऊ नये, याच कारणानं.

आठ वर्षांखालच्या मुलांना पॅटर्न शॉप, वाळू आणि मेण एवढंच पुरे. एका तुकडीत बारा-पंधराच जण, बरोबर युनिटची दोन माणसं. मोठ्यांची हेल्मेटं मुलांच्या डोळ्यांवर येतात, लहान मापाची वीस हेल्मेटं आणि चष्मे संघटनेनं एकदाच घेऊन युनिटमध्ये फिरवावेत. एकूण वेळ दीड तास: सूचना पंधरा मिनिटं, पॅटर्न वीस, वाळू आणि मेण पस्तीस, ओतकाम दहा, रिजेक्ट टेबल दहा. मेण थिजत असताना ओतकाम आणि टेबल उरकतं. लहान युनिटमध्ये सकाळी साचे भरतात आणि दुपारी ओततात, म्हणून मुलांची वेळ ओतण्याच्या वेळेवरून मागे मोजून ठरवावी, नाहीतर थंड भट्टी पाहून परत जावं लागेल. पालकांचं संमतीपत्र घ्यावं आणि युनिटच्या विम्यात पाहुण्यांची जबाबदारी धरली आहे का, हे मालकानं आधी तपासावं.

आणखी एक मागणी. उद्यमनगरातले जुने लाकडी पॅटर्न शेडच्या माळ्यावर पडून असतात, वाळवी लागते आणि शेवटी जळणात जातात. सागवानात हातानं कोरलेली ती कामं आहेत. ज्या मिस्त्रींनी ती केली त्यांच्यातले बरेच आता थकले आहेत. कुठलाही एक रिकामा गाळा मिळाला तर जुनी ऑइल इंजिनं, लेथ आणि हे पॅटर्न तिथं मांडता येतील. फलकावर सन आणि नाव याबरोबर वस्तू कशी केली हेही लिहावं, आणि ते लिहायला त्या मिस्त्रींनाच बसवावं.

पाहणीचा पहिला दिवस डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी ठेवता येईल. एक युनिट, तीन तुकड्या, नाव आधी नोंदवलेल्यांनाच प्रवेश. त्यासाठी लागणाऱ्या मेणाच्या पेट्या, वाळू आणि कापलेली रिजेक्ट कास्टिंगं आम्ही तयार करून देऊ. ज्या युनिटची तयारी असेल त्यांनी आपल्या वृत्तपत्रामार्फत कळवावं.

आपले,
फौंड्री आणि पॅटर्न शॉपमध्ये काम करणारे काही जण,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर